दोराच्या आत दुमिंग होता

कल्याणला जाण्याचा हुकूम मिळाला तेव्हा आमची पलटण पुण्याला होती. मुंबईत प्लेग सुरू झाला होता आणि आगगाडीबरोबर तो वर सरकत होता. कल्याणला पुण्याची आणि नाशिकची वाट वेगळी होते, म्हणून तिथे प्रत्येक गाडी थांबवून उतारू तपासायचे ठरले. तपासणार डॉक्टर. पहारा आमचा. ज्याच्या अंगात ताप सापडेल त्याला खाडीच्या बाजूच्या माळावर कॅम्पात न्यायचे. कॅम्प म्हणजे बांबूच्या आणि चटयांच्या झोपड्या, भोवती खांब, खांबांना ओढलेला दोर. दोराच्या आत गेलेला माणूस डॉक्टरच्या हुकुमाशिवाय बाहेर येत नसे.

मी त्या तुकडीचा हवालदार होतो. नाव पास्कोल, राहणार कोपरी, ठाणे. आमच्या वाड्यात सगळी ख्रिस्ती वस्ती. तळ्याकाठचे चर्च आमचे, पण आम्ही त्याला देऊळच म्हणतो. त्याच देवळात माझा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी दुमिंगचाही. दुमिंग माझ्या तुकडीत सिपाही होता. आम्ही एकत्र भरती झालो होतो. मी नाईक झालो, हवालदार झालो. तो सिपाहीच राहिला. परेडमध्ये त्याला हसू आवरत नसे, एवढाच त्याचा दोष.

दुमिंगला एक खोड होती. त्याला जिथे तिथे देवाची कृपा दिसे. बुटात दगड टोचला आणि जखम झाली नाही, कृपा. डाळीत खडा निघाला नाही, कृपा. कंदाहारच्या बाजूला आम्ही थंडीने काकडत होतो, तेव्हा विझलेल्या चुलीत त्याला एक निखारा सापडला. त्याने तो फुंकून फुलवला आणि म्हणाला, "बग पास्कोल, देवानं आपल्यासाठी राखून ठेवलेला."

"स्वयंपाक्यानं नीट विझवला नाही म्हणून राहिला," मी म्हणालो.

"त्याच्या हातून ठेवलान," तो म्हणाला.

मला या गोष्टीचा राग येई. खरे सांगायचे तर तो राग नव्हता, जळफळाट होता. मी चाळीस दिवसांचे उपास पाळणारा माणूस. छावणीतही संध्याकाळची जपमाळ कधी चुकवली नाही. मिस्सातली, म्हणजे देवळातल्या उपासनेतली, सगळी लॅटिन उत्तरे मला पाठ होती. इतके करून देवाने माझ्याशी काही बोलल्याचे मला कधी जाणवले नाही. आणि हा मिस्साला पेंगणारा, अर्धी प्रार्थना विसरणारा माणूस, याला देव रोज भेटत होता. तोही डाळीत.

कॅम्प उभा राहिला तेव्हा आमच्या साहेबांनी तुकडी फॉलिन केली, रांगेत उभी केली. आतल्या कामाला माणसे हवी होती. पाणी भरायचे, आजाऱ्यांना पेज द्यायची, मेलेल्यांना उचलायचे. आत जाणाऱ्याने आतच राहायचे. साहेब म्हणाले, "हुकूम नहीं है. जो खुशी से जाएगा, एक कदम आगे."

मी पाऊल टाकले. त्याच क्षणी दुमिंगनेही टाकले. मागून आणखी काही जण आले.

साहेब माझ्यासमोर थांबले. "हवालदार बाहर रहेगा. गार्ड कौन देखेगा?"

मी पाऊल मागे घेतले. दुमिंग आत गेला. जाताना दोराखालून वाकला आणि माझ्याकडे बघून हसला. देवाने आम्हा दोघांतून त्याला निवडले, असे मला तेव्हा वाटले. मरणाच्या जागी जाणाऱ्या माणसाचा हेवा करणे ही काही शहाण्याची गोष्ट नाही. पण मी केला.

पुढे काही आठवडे कामाला शिस्त लागली. गाडी येई, उतारू रांगेत उभे राहत, डॉक्टर नाडी बघत. बायकांसाठी पडदा आणि तपासायला वेगळी बाई होती. लोक रडत, पाया पडत, शिव्या देत. आम्ही "पुढे चला" म्हणत असू.

ठाण्यातही प्लेग आल्याची खबर लागली. मी माझ्या बायकोला निरोप पाठवला की घर बंद कर आणि इगतपुरीला भावाकडे जा. तिचा भाऊ तिथे रेल्वेच्या कारखान्यात होता. रोजीने माझे ऐकले. ती दुपारच्या गाडीने निघाली. कल्याणला उतरली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होतो. तिने मला लांबून पाहिले आणि पदर सारखा केला. चेहरा लाल झालेला. मी ओळखले.

पडद्याआडून बाई बाहेर आली. "इसको बुखार है. कॅम्प."

रोजी माझ्याकडे बघत होती. रांग थांबली होती. माझ्या शिपायांना ती कोण ते ठाऊक होते, तेही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "पुढे चला."

साहेबांकडे मी आत जाण्याची परवानगी मागितली. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, आज तुला सोडले तर उद्या प्रत्येक शिपाई आपल्या माणसामागे आत जाईल, मग दोर कशाला बांधला? मी सॅल्यूट केला आणि परत आलो.

त्या दिवसापासून रोजीची खबर मला दुमिंगकडून मिळू लागली. रोज सकाळी तो दोरापाशी येई, ठरलेल्या अंतरावर उभा राही, आतल्या कामाचा रिपोर्ट देई. किती आजारी, किती नवे, किती उचलले. शेवटी मी विचारी.

"रोजी?"

"ताप हाय. गाठ नाय अजून."

दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर एका सकाळी तो नेहमीपेक्षा भरभर चालत आला.

"पेज पिली. आनि मीठ मागून घेतलान. मीठ मागतंय म्हंजे मानूस परत येतंय. बग देवाची कृपा."

"रिपोर्ट दे. प्रवचन नको."

"रिपोर्टच देतंय, हवालदार."

मीठ तिने मागितले ते त्याच्याकडे. वाटी तिच्या ओठांना लावली ती त्याने. माझ्या हातात बंदूक होती.

त्याच दिवशी मी पहारे बघत दोराच्या कडेने फिरत होतो. बायकांच्या झोपड्यांकडून हसणे ऐकू आले. रोजीचे हसणे मी कुठेही ओळखेन. बऱ्याच दिवसांत ती माझ्यासमोर तशी हसली नव्हती. मी थांबलो. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारले, "हवालदार, काय झाले?" मी त्याला पट्टा नीट बांधायला सांगितले. पट्टा नीटच होता.

दुसऱ्या सकाळी मी दुमिंगला विचारले, "काल हसत काय होतात?"

"कावळ्यानं डॉक्टरचा साबन पळवलान. फेस आला चोचीला. रोजीबाय म्हनली, आता कावळापन पांढरा व्हनार."

"तुला दुसरी कामे नाहीत?"

त्याला सगळे कळले असावे. त्याने आवाज खाली आणला.

"पास्कोल, तिच्या बाजूच्या खाटेवरची मानसं पटापट जातात रे. ती सगळं बगते. हसली नाय तर तीपन जाईल."

माझा राग आणखी वाढला. तो नेहमी बरोबर असे, आणि तेही सहज.

रोजीचा ताप साधा निघाला. गाठ आलीच नाही. डॉक्टरांनी तिला दोराबाहेर सोडण्याचा हुकूम लिहिला त्या सकाळी दुमिंग रिपोर्टला आला नाही. त्याच्या जागी दुसरा सिपाही आला.

"दुमिंग कुठे आहे?"

"पडलाय, हवालदार. काखेत गाठ आहे."

रोजी बाहेर आली आणि मी तिला मिठी मारण्याऐवजी विचारले, "तू पाहिलेस त्याला?" तिने मान हलवली. ती रडत होती. मी तिला स्टेशनमास्तरच्या घरी पोचवले आणि परत येऊन दोरापाशी उभा राहिलो. ड्यूटी संपल्यावरही उभा राहिलो. हाकेच्या अंतरावर त्याची झोपडी होती. मी मोठ्याने मरणाऱ्यांसाठीची प्रार्थना म्हणालो. ती मला पूर्ण पाठ होती. त्याला ऐकू गेली की नाही, ते मला माहीत नाही.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. माळाच्या पलीकडच्या टोकाला चुना घालून पुरायचे, तिथेच त्याला पुरले. साहेबांनी बंदुकीची सलामी मना केली, कॅम्पातली माणसे घाबरली असती. मी तुकडीला शोकाची खूण म्हणून शस्त्रे उलटी धरायला लावली. पाद्री दोराबाहेरून आशीर्वाद देऊन गेले. क्रूस लावता आला नाही.

इगतपुरीला जाणाऱ्या गाडीची वाट बघत रोजी आणि मी प्लॅटफॉर्मवर बसलो होतो. मी तिला विचारले, "तो तुझ्याशी एवढे काय बोलायचा?"

"देवाबद्दल. आणि तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"म्हणायचा, पास्कोलचं बरं हाय. त्याला देव देवळात भेटतो. सगळं पाठ हाय त्याला, नुस्तं म्हनायचं. मना देवळात झोप येते, काय आठवत नाय. म्हनून मी बाहेर शोधत फिरतंय, कुटं चुलीत, कुटं पेजेत, मिळेल तितं. म्हणायचा, पास्कोलसारखं एकदा तरी जमायला हवं होतं."

ती त्याच्याच बोलीत बोलत होती. मी रुळांकडे बघत बसलो. वीस वर्षे मी त्याच्यावर जळत होतो, आणि तो माझ्यावर. दोघांपैकी कोणीच ते दुसऱ्याला बोलून दाखवले नाही. गाडी आली. रोजी चढली. मी परत कॅम्पावर गेलो.

कॅम्प पुढे मोडला. दोर, चटया, बांबू सगळे जाळले. पेन्शन झाल्यावर मी कोपरीला परतलो. मेलेल्यांच्या सणाला, नोव्हेंबरात, देवळात दुमिंगच्या नावाने मिस्सा असते. ती झाली की रोजी आणि मी कल्याणला जातो. माळाचा बराच भाग आता लागवडीखाली आहे. त्याला नेमके कुठे ठेवले ते मला दाखवता येत नाही. आम्ही बांधावर उभे राहून जपमाळ म्हणतो.

गेल्या खेपेला त्या शेताचा मालक जवळ आला. आगरी माणूस, वयाने आमच्याएवढा. त्याने आम्ही कोण ते विचारले नाही.

"दरसाली येतंव तुम्ही," तो म्हणाला. "कोन हाय हितं?"

"माझा भाऊ," मी म्हणालो. असे का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. पण खोटे वाटले नाही.

तो घरात गेला आणि वालाने भरलेले फडके आणून रोजीच्या हातात दिले. "गेल्या सालचं हायेत. याच मातीतलं."

घरी आल्यावर रोजीने ते भिजवले, मोड आणले, सोलले आणि कांदा-खोबरे घालून शिजवले. वाल किंचित कडवट होते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले. भात कालवता कालवता माझ्या तोंडून "देवा, तुझे आभार" असे शब्द गेले. जेवणाची प्रार्थना आधीच होऊन गेली होती. हे शब्द त्या प्रार्थनेतले नव्हते, पाठ केलेले नव्हते.

रोजीने वर पाहिले.

दुमिंग असता तर हे त्याने माझ्या आधी म्हटले असते, आणि मी चिडलो असतो. या खेपेला पहिला मी होतो. तो समोर बसलेला असता तर हा पहिला मान मी त्याला देऊन टाकला असता.

सिपाही दुमिंग, राहणार कोपरी. कल्याणच्या माळावर पडला. देव त्याला शांती देवो.