केसरबाईची तहानलेली झाडं

सौंसरजवळच्या रामाकोन्याची केसरबाई दिसायला एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. पण एकदा नाही म्हटलं की बैलजोडी लावून ओढा, त्याचं हो व्हायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून भांडी कमी आणि मतं जास्त आणली, असं बायका म्हणायच्या. बायकांचं काही चुकत नव्हतं.

माहेर काटोलकडचं. बापाचा संत्र्याचा बगीचा. आणि इकडे सासरी काय, तर कापूस, ज्वारी, तूर आणि पुन्हा कापूस. नवरा, गुणवंता, स्वभावानं गोड. जो शेवटी बोलला त्याचं त्याला पटायचं. हे केसरबाईनं पहिल्या महिन्यातच हेरलं आणि शेवटी बोलायचं काम स्वतःकडे घेतलं. म्हणून तर एक्कावन्न साली विहिरीजवळ, गुणवंताच्या वाट्याच्या तुकड्यात, संत्र्याची साठ कलमं लागली. बापानं ओल्या पोत्यात गुंडाळून पाठवली होती.

घरचा कारभार मोठ्या भावाकडे, रघुनाथरावांकडे. म्हणजे हिचे भासरे. भासऱ्यापुढे भावजयीनं पदर ओढून दाराआड उभं राहायचं, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. मग बोलणं व्हायचं कसं? तर सासूच्या, अंबाबाईच्या तोंडून. दोघं पाच हातांवर, दोघांनाही सगळं लख्ख ऐकू येतं, तरी म्हातारी मध्ये बसून निरोप इकडचा तिकडे करणार. आणि मन कसं, तर लोणी! कडक बोल तिच्या हाती दिला की पोचेपर्यंत मऊ होऊन जायचा.

पाच वर्षं झाडं नुसती वाढली. पाचव्या वर्षी इथं चार फुलं, तिथं दोन. एवढ्यात छप्पनची दिवाळी आली आणि राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात, काटोल त्याच्यासोबत, आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच. पारावर एकच विषय, की आपण हाललो का नागपूर हाललं? केसरबाईचं माहेर मात्र बसल्या जागी परराज्यात गेलं.

पाडव्याचं जेवण झालं आणि रघुनाथरावांनी विषय काढला.

"माय, लहानीले सांग. पाच वर्षं म्या तोंड बंद ठेवलं. आता तं नागपूरचा बाजारही आपला नाही राह्यला. यंदा बहार आला तं ठीक. नाही तं उन्हाळ्यात झाडं तोडतो अन् तेथी कापूस लावतो."

अंबाबाई दाराकडे वळली. "तो म्हणते, यंदा बहार आला तं लय बरं होईन."

"ऐकलं म्या, आत्याबाई. त्यायले सांगा, यंदा येते. फक्त संक्रांतीपर्यंत माह्या झाडायले कोणी पाणी देऊ नका."

तिचा बाप असंच करायचा. थंडी लागली की झाडांचं पाणी तोडायचं. बगीचेवाले त्याला ताण देणं म्हणतात. दीड-दोन महिने थेंब नाही. झाड वाढायचं थांबतं, पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की फुलावर येतं. कोवळ्या झाडाला हे सोसत नाही, म्हणून ती पाच वर्षं थांबली होती. इकडे रघुनाथराव मोट चालवून झाडांना हिवाळाभर पाणी पाजत. लाडावलेली झाडं! खातात, पितात, उंच होतात, कामाचं नाव नाही. गुणवंतासारखी, असं केसरबाई कधी म्हणाली नाही हो. बायका म्हणाल्या.

पाणी तोडलं. महिन्याभरात पानं गुंडाळायला लागली. बाजाराला जाणारे येणारे थांबून पाहायचे. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून भगवंतराव ओरडले, "काय वं केसरबाई, झाडायनं एकादशी धरली काय?"

"हो ना, भाऊजी. पारणं संक्रांतीले हाये. या जेवाले."

गुणवंता पांढुर्ण्याला कापसाच्या जिनात कामाला, आठवड्यानं घरी यायचा. झाडं पाहून त्याचा चेहराच उतरला. "अवं, मरून राहिली ना!"

"नाही मरत."

"बरं, नाही मरत मंग," असं म्हणून तो घरात गेला, भावाशी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "दादा म्हणते, मरतीन."

दुसऱ्या दिवशी रघुनाथराव बैल घेऊन विहिरीवर हजर. मोट जुंपायला नाडा, म्हणजे मोटेचा दोर, उचलतात, तर नाड्यावर केसरबाई बसलेली. पदर नाकापर्यंत. आता आली पंचाईत! भावजयीला हात लावता येत नाही, बोलता येत नाही, आणि अंबाबाई तर घरी. रघुनाथरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि शेवटी बैलाला म्हणाले,

"ढवळ्या, तूच पाह्य बावा. झाडाच्या तोंडात महिन्यापासून थेंब नाही. मेली तं लोक मले म्हणतीन, भावाची झाडं मारली."

"ढवळ्या, त्यायले सांग, मेली तं तोडाची मेहनत वाचते."

बैलानं काय सांगायचं! रघुनाथराव बैल घेऊन परत गेले. मनात आलं असतं तर चार बाया बोलावून तिला उठवलं असतं. ते त्यांनी केलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

पण नाड्यावरून उठली ती केसरबाई सरळ झाडांपाशी गेली. बापाकडची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. इथली मुरमाड. बापाचा हिशेब इथं चालतो का? विचारायचं कोणाला, बाप तर दोन वर्षांमागे गेला. तिनं एका झाडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. दोन दिवसांनी पुन्हा खरवडलं. मग रोजच. एक झाड तर तिनं मांजरीनं ओरबाडावं तसं करून ठेवलं. आणि शेवटी ठरवलं, मुरमाला दोन महिने नकोत, संक्रांतीपर्यंत वाट पाहू नये, आठ दिवस आधी पाणी सोडू. लोकांनी म्हटलं, "पाह्यलं, भ्याली!" भ्याली तर भ्याली. जमिनीचं ऐकायचं की लोकांचं?

शेणखत घातलं, आधी हलकं पाणी, मग थोडं जास्त. तेव्हाच तिच्या लक्षात आलं, विहिरीजवळची अकरा झाडं बाकीच्यांपेक्षा टवटवीत होती. विहिरीची ओल लागत असेल म्हणून तिनं सोडून दिलं.

पंधरा दिवस गेले. काही नाही. वीस दिवस गेले. भगवंतरावांनी आता विचारणंही सोडलं, ते जास्त लागायचं. आणि मग एका सकाळी फांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या कळ्या. चार-पाच दिवसांत तर असा वास सुटला की सौंसरच्या रस्त्यावरचे गाडीवान बैल थांबवून विचारायचे, कोणाचा बगीचा?

रघुनाथराव मायला घेऊन पाहायला आले. केसरबाई पदर ओढून मागे. एकेक ओळ फिरले. चालणं हळू झालं होतं. विहिरीजवळ येऊन मात्र थांबले. अकरा झाडं हिरवीगार, नवी पानं सळसळत आहेत आणि फुलाचं नाव नाही.

"माय, लहानीले इचार, याले काय झालं?"

अंबाबाई वळलीच नाही. तिथंच मातीत बसली.

"तिले काय माहीत? मले इचार. तुम्ही सारे कापूस वेचाले जात होते. मी एकटी इथं राखण करत होती. पानं माह्या पुढ्यात गळून राहिली होती रे. जीव ऐकेना. रोज चार-चार घागरी टाकल्या. जेथवर हात पोचला तेथवर टाकल्या."

केसरबाईच्या अंगाचा असा भडका उडाला की पदर खाली आला तरी कळलं नाही. अकरा झाडांचा बहार! म्हातारीची कंबर धड असती तर साठही झाडं बुडाली असती. ती तोंड उघडणार, एवढ्यात तिची नजर रघुनाथरावांवर गेली.

ते खाली बसले होते. एक मूठ माती अकरांतल्या झाडाखालची, एक मूठ फुललेल्या झाडाखालची. जमीन तीच, विहीर तीच, कलमंही एकाच पोत्यातली. तीस वर्षं शेती केलेला माणूस, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"मायनं पाजलं तेवढीच रिकामी राह्यली," ते स्वतःशीच म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "माय, इचार तिले, वरच्या तुकड्यात किती कलमं बसतीन?"

केसरबाईनं पदर सावरला. राग गेला नव्हता, पण हसू आधी आलं.

"आत्याबाई, सांगा त्यायले, शंभर तं बसतेच. पण पाच वर्षं नुसती झाडं पाहावी लागतीन, अन् दर हिवाळ्याले तुमाले पांढुर्ण्याले धाकट्या लेकापाशी ठेवावं लागीन."

"ठेव ना वं," अंबाबाई डोळे पुसत म्हणाली. "पण या अकरायले काही बोलू नको, पोरी. म्या पाजलं, ते पेले."