टेबलाखालचं सालपट

मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार. भूतबित कधी मानलं नाही. लाकडात कीड राहते, दुसरं कोणी राहत नाही, असंच सांगत आलो. तरी हे लिहितोय… शुद्धलेखन सांभाळून घ्या.

एकवीस सालचा मे महिना. कोरोनामुळे आयर्लंडमध्ये, नावन गावात, मुलाकडे, प्रवीणकडे अडकलो होतो. सुनेचे दिवस भरत आलेले, म्हणून पाळणा करायला घेतला. प्रवीणने शेजाऱ्याची जुनी उभी ड्रिल मशीन आणून मागच्या शेडमध्ये ठेवली. शेजारी म्हणाला, "इट्स ग्रँड!" इथे मोडकंही ग्रँडच असतं. टेबल डावीकडे झुकलेलं! टेबल तिरकं, तर भोक तिरकं.

ते तपासायला मशीनच्या चकात, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, वाकडी तार धरून हाताने फिरवायची. टोक सगळीकडे सारखं टेकलं, की टेबल गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात. माझं डावीकडे टेकायचं, उजवीकडे फट. बोल्ट आवळला की पुन्हा तेच. तीन दिवस!

त्यातच प्रवीण म्हणाला, "बाबा, दत्तूकाका हॉस्पिटलात आहेत. एक फोन करा."

"आधी त्याने करावा."

"त्यांना बोलताना धाप लागते, बाबा."

दत्तू माझा धाकटा भाऊ, तिकडे गावी. अठरा वर्षं अबोला. एका पाळण्याची भोकं तिरकी गेली, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी चूक त्याच्या नावावर ढकलली होती. तो हत्यारं उचलून गेला.

मी शेडला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि चहाला गेलो. अर्ध्या तासाने येऊन तार फिरवली — सगळीकडे एकसारखी खर्र…

वाकून पाहिलं. टेबलाच्या सांध्यात रंध्याचं सालपट, दुहेरी घडीचं. एक कोपरा दाताने तोडलेला. नाक लावलं… साग! शेडमध्ये सगळं पाइन. मी इथे रंधाही आणलेला नाही. आणि कोपरा दाताने तोडायची सवय एकाच माणसाची.

प्रवीणला म्हटलं, "लाव फोन."

वॉर्डातल्या सिस्टरने फोन त्याच्या कानाशी धरला. मी तोंड उघडायच्या आत आवाज आला, "दादा… टेकली का तार सगळीकडे?"

"टेकली," म्हटलं. "दत्तू, त्या पाळण्याच्या वेळी टेबल मी नजरेनेच लावलं होतं. गुण्या धरला नव्हता. चूक माझी होती."

"माहीत होतं रे… सालपट काढू नकोस तेवढं."

दोन दिवसांनी तो गेला.

मशीनचं मी घराबाहेर कोणाजवळ बोललो नव्हतो. प्रवीण शपथेवर सांगतो, त्यानेही नाही. नात त्याच पाळण्यात झोपते, एकही दांडी तिरकी नाही. प्रवीण म्हणतो, "बाबा, ते सालपट मशीनबरोबरच आलं असेल, काढून बघू या." असेलही. मला काही उलगडा होत नाही. पण बघायला बोल्ट सोडवावा लागेल… आणि तो मी सोडवू देणार नाही.