अप्पांनी चहा घेतला

दुपारी झोपायचं नाही असं ठरवून मी दिव्याजवळ आडवी झाले आहे. अप्पा गेले त्या जागी, पिठावर ठेवलेला हा दिवा दहाव्यापर्यंत विझता कामा नये, आणि घरात आत्ता मी एकटीच. हे आणि माझा चुलतभाऊ दहाव्याचं बोलायला घाटावर गेलेत. दाराला आतून कडी आहे. दिव्याशेजारी पाण्याचं भांडं आणि कपबशी. चहा मीच ठेवला, काठोकाठ भरून. असा चहा ठेवतात की नाही मला माहीत नाही. पण माझे वडील नुसत्या पाण्यावर भागवणारे नव्हते.

थोड्या वेळात नौदलाच्या ऑफिसातून फोन येईल. माझा मुलगा विशू पाणबुडीवर आहे. समुद्रात कुठे, ते आईलाही सांगत नाहीत. आठवड्यातून एकदा घरच्यांनी दोन-तीन वाक्यांचा निरोप द्यायचा आणि तो दक्षिणेतल्या एका रेडिओ केंद्रावरून, आभाळाला टेकलेल्या खांबांवरून, थेट पाण्याखाली जातो. विशूला निरोप मिळतो, उत्तर देता येत नाही. त्याच केंद्रावर, त्याच खांबांवर चढण्या-उतरण्यात अप्पांची सगळी नोकरी गेली.

जाताना विशू बजावून गेला होता, "मी खाली असताना वाईट बातमी पाठवायची नाही, आई. वर आल्यावर सांग. खाली रडायला जागा नसते." ते मला पटलं. पण अप्पांचं हृदय तेव्हापासूनच कुरकुरत होतं, म्हणून आजा-नातवानं आपसात एक ठरवून टाकलं. प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच वाक्य: अप्पांनी चहा घेतला. चहा घेतला म्हणजे म्हातारा बरा आहे. आता आज ते वाक्य दिलं तर मी पोराशी खोटं बोलले, आणि गाळलं तर न सांगता त्याला सगळं कळलं. माणसानं मागच्यांना असं पेचात टाकून जाऊ नये, हे मी अप्पांच्या फोटोला सकाळीच सुनावलं आहे.

पंखा घुमतो आहे. त्याचं घुमणं जाड होत जातं, वरून यायचं ते जमिनीतून येऊ लागतं, आणि माझ्या दातांना कळतं की हा पंखा नाही. हे केंद्र आहे.

फरशा संपतच नाहीत. ओट्याच्या पुढे गवत सुरू होतं, गवतात खांब, आणि खांबांच्या डोक्यावर तारांचं जाळं. आमच्या क्वार्टरमागे धुणं वाळतं आहे, सुंभाच्या दोरीवर. इथे तारेवर धुणं घालत नाहीत, केंद्राच्या लहरींनी तारेत वीज उतरते, तार चावते. दोरीवर माझं लहानपणीचं परकर-पोलकं आहे आणि त्याला लागून विशूचा शाळेचा शर्ट. दोन्हींतून पाणी टपकतं आहे, पण खाली जमीन ओली होत नाही.

लांबून उजेड येतो. अप्पा. हातात ट्यूबलाइट, वायर नाही की काही नाही, आणि ती पेटलेली. लहानपणी मला दाखवायचे तश्शी. या तारांखाली नळी नुसती हातात धरली तरी उजळते. पण अप्पा फारच बारीक पावलं टाकत येतात. मी त्यांच्या पायांकडे बघते. अंगठे बांधले होते तो दोरा अजून तसाच आहे.

"सोडू का, अप्पा?"

"ऱ्हाऊ दे. मला कुठं लांब जायाचं हाय." नाकात कापूस असल्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. "तू वर काय बगतीस? खाली बग."

फरशीखाली पाणी आहे, काळं. पाण्यात एक अरुंद फळी, आणि फळीवर विशू झोपला आहे, डोळे उघडे. दाढी वाढलीय. मी गुडघ्यांवर बसून फरशी बडवते. "विशू! अरे विशू!" तो मान वळवतो. माझ्याकडेच बघतो, पण मी त्याला दिसत नाही.

"त्याला ऐकू जातंय का?"

"जातंय की."

"मग बोलत का नाही?"

"त्याला बोलाय येत न्हाई, पोरी. आपुन बोलायचं."

तेवढ्यात घुमणं थांबतं. एकदम. अप्पांच्या हातातली नळी विझते. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही, माझा स्वतःचा श्वासही त्यात नाही. खाली विशू उठून बसतो. भिंतीला हात लावून बघतो. जत्रेत माझं बोट सुटलं होतं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता.

"अप्पा, चालू करा! आधी चालू करा!"

"बगितलंस? हे असं हुतंय," अप्पा अंधारातून म्हणतात. "सांगाय काय नसलं तरी आमी केंद्र चालू ठिवायचो. आवाज थांबला की खालच्याला वाटतं, वर कुणी ऱ्हायलंच न्हाई."

"म्हणून मी पोराशी खोटं बोलू?" माझा पाराच चढतो. "तुम्ही दोघांनी ठरवलंत, तुम्ही निघून गेलात, आणि आता तोंड मी द्यायचं! जरा थांबायचं तरी होतं. तो वर येईपर्यंत थांबायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि मग मला रडू कोसळतं, कारण थांबायला हवं होतं ते विशूसाठी नाही, माझ्यासाठी. अप्पा कान खाजवत उभे राहतात. आई चिडायची तेव्हाही असेच उभे राहायचे.

"खोटं कशाला बोलतीस?" माझं रडणं ओसरल्यावर ते म्हणतात. "चा कुठं हाय?"

आम्ही दिव्याजवळ बसलेलो आहोत. "गार झालाय, अप्पा. दुसरा टाकते."

"गार तर गार."

नाकातला कापूस काढून ते विडीसारखा कानावर ठेवतात. चहा बशीत ओततात आणि फुर्रकन् ओढतात. त्या आवाजावरून मी त्यांना जन्मभर बोलले. दुसरी बशी, तिसरी. मग रिकामा कप बशीवर पालथा घालतात. ही केंद्रावरची खोड. तिथल्या वाऱ्यात कप उताणा राहिला की लाल मातीनं भरायचा. आमच्या घरात दुसरं कुणी असं करत नाही.

फरशीतून घुमणं पुन्हा सुरू होतं. खाली विशू अंग टाकतो, भिंतीकडे तोंड करतो.

"वर आला की सांग त्याला," अप्पा उठत म्हणतात. "उभ्या उभ्या नगं. बशीव, आन् मग सांग."

"अप्पा, थांबा ना जरा."

ते थांबत नाहीत. दोऱ्यात अडकलेली ती बारीक पावलं ओट्यापलीकडे, गवतात, खांबांकडे जातात, आणि घुमण्यात मधूनच एक घंटा वाजू लागते.

फोन वाजतो आहे. लाइट गेलेत, पंखा बंद आहे, मी घामानं भिजले आहे. दिवा तेवतो आहे. दाराची कडी तशीच.

"नमस्कार काकी, देसले बोलतेय." ऑफिसातल्या या बाईंना अप्पांचं कळवलेलं आहे. त्या हळू बोलतात. "निरोप सांगता?"

"लिहा. मोगऱ्याला कळ्या आल्यात. बाबांचा गुडघा आता बरा आहे."

"लिहिलं." त्या वाचून दाखवतात. "काकी, शेवटचं ते वाक्य असतं ना दर वेळी... त्याचं काय करू?"

मी दिव्याकडे बघते. कप बशीवर पालथा आहे. फोन कानाला तसाच धरून मी जवळ जाते, कप उचलते. आत चहापत्तीचे चार कण चिकटलेत, बशी ओली आहे. मी कप पुन्हा तसाच पालथा ठेवते.

"काकी? आहात ना?"

"आहे. लिहा, अप्पांनी चहा घेतला."

"काकी... नक्की?"

"नक्की," मी म्हणते. "माझ्यासमोर घेतला."