आईचा संकेत, लेकीचा संकेत

बादलीतले अर्धे कपडे पिळून झाले होते, अर्धे अजून फेसात होते, आणि काकूंच्या हातात माडीवरच्या भाडेकरू मास्तरांचा शर्ट होता. खिसा चाचपल्याशिवाय त्या कुणाचा शर्ट पाण्यात घालत नसत. खिशात चौघडी घातलेला कागद निघाला. त्यांनी तो ओल्या बोटांनीच उलगडला.

‘आईचा संकेत: + + − −. लेकीचा संकेत: + − + −. दोघी एकाच वेळी बोलत असल्या तरी हे संकेत हाती असले की प्रत्येकीचं बोलणं वेगळं ऐकता येतं.’

काकूंनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

गल्लीत त्यांना ‘चौकशी काकू’ म्हणत, ते उगाच नाही. दूधवाला माप ओतून गेला की त्या आपल्या मापाने पुन्हा ओतून बघत. देवाला हात जोडतानाही एक डोळा दाराकडे असे. देव समजून घेतो, असं त्यांचं म्हणणं. काकू तीस वर्षं एका लोकरीच्या दुकानासाठी स्वेटर विणत आल्या होत्या, आणि माणसाकडेही टाके मोजल्यासारखं बघत. पण मनाने वाईट नव्हत्या. माडीवरची खोली मास्तरांना दिली, तेव्हा त्यांचे कपडेही आपल्या कपड्यांबरोबर धुऊन देईन, असं त्याच म्हणाल्या होत्या.

हे मास्तर मोबाइल कंपनीत नवशिक्या कामगारांना शिकवत. चाळिशीचे, एकटे, मितभाषी. मितभाषी माणसावर काकूंचा आधीपासूनच विश्वास नव्हता.

त्यात मंगळवारी लेकीचा फोन आला होता. “आई, मी घर सोडून येतेय. आता तिथे राहणं नाही. बाबांना मात्र सांगू नकोस.” काकूंनी ते पोटात ठेवलं. नवऱ्याला नाही, शेजारणीला नाही, कुणाला म्हणजे कुणाला नाही. आणि बुधवारी सकाळी मास्तर जिन्यात थांबून म्हणाले, “काकू, माडीची खोली तुम्हाला लागणार असेल तर संकोच करू नका हं.”

तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आता कागदच हाती आला.

फेसातले कपडे फेसात राहिले. काकू पदराला हात पुसत जिना चढल्या.

“मास्तर, हे काय आहे?”

“अरे वा, सापडला का! परवापासून शोधतोय.”

“सापडणारच. माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत, बाहेर फुटतात त्या घरातल्या गोष्टी! माझं आणि माझ्या लेकीचं बोलणं ऐकता तुम्ही?”

मास्तरांचा चेहरा पडला. “काकू, तो उद्याचा धडा आहे. उदाहरण म्हणून आई आणि लेक घेतली. सासू-सून घेतली असती तर वर्गात हशा पिकला असता.”

“मला हसू येत नाहीये. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा.”

 मास्तरांचं लक्ष काकूंच्या कमरेला खोचलेल्या सुया आणि लोकरीकडे गेलं.

“जाईन. पण आधी एवढं बघा. अधिक म्हणजे सुलट टाका, उणे म्हणजे उलट. आता दोन्ही ओळी एकाखाली एक धरा. टाका जुळला तर एक मिळवा, नाही जुळला तर एक वजा करा.”

काकूंना खरं तर ऐकायचं नव्हतं, पण टाके मोजायला सांगितल्यावर त्यांना राहवेना. पहिला जुळला. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथा जुळला.

“शून्य,” त्या नाखुशीने म्हणाल्या.

“आता आईची ओळ आईच्याच ओळीशी.”

“चार. मग?”

“एकाच वाटेने शंभर जणांचे आवाज हवेतून येतात, काकू, सगळे एकात एक मिसळून. प्रत्येकाला आपापली वीण दिलेली. ज्याची वीण लावून बघाल त्याचंच उमटतं, बाकीच्यांचं शून्य होऊन गळून पडतं.”

काकूंनी कागद पुन्हा निरखला. “आणि कुणी एक टाका उशिरा सुरू केला तर?”

मास्तर बघतच राहिले. “तर काही विणी एकमेकींत मिसळतात. म्हणून टॉवर सगळ्यांना एका ठोक्यावर धरतो. दोन वर्षं शिकवतोय, एकाही पठ्ठ्याने हे विचारलं नाही!”

“लोणी लावू नका. वीण ज्याच्याकडे त्याला ऐकू येतं, हे तुम्हीच म्हणालात. आणि दोन्ही विणी तर तुमच्या खिशात!”

“या चार टाक्यांच्या शिकण्यापुरत्या. खऱ्या कितीतरी लांब असतात, फोन लागला की यंत्र त्या वेळेपुरत्या देतं. आणि ही वीण चोरापासून लपवायला नसतेच, गर्दीतून वाट काढायला असते. चोरासाठी वेगळं कुलूप असतं, त्याची किल्ली माझ्याकडे नाही.”

“मग माझी लेक येतेय हे तुम्हाला कळलं कसं?”

मास्तर खाली बघू लागले. काकूंनी ते लगेच हेरलं.

“बोला. नाहीतर सामान बांधा.”

“काकांनी सांगितलं,” मास्तर पुटपुटले. “ताई येतायत, माडी रिकामी करून मिळेल का विचारत होते. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले.”

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. काकू आल्या तेव्हा ते डोळ्याला भिंग लावून एका चाकावर वाकले होते.

“लेकीचा फोन कधी आला तुम्हाला?”

भिंग टपकन खाली पडलं. “तुला कुणी... मंगळवारी.”

“मंगळवारी कधी?”

“जेवण झाल्यावर. म्हणाली, आईला सांगू नका, ती हाय खाईल.”

“आणि मला त्याआधी म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांचं ब्लडप्रेशर वाढेल.”

 चार दिवस समोरासमोर जेवायला बसून दोघांनी एकमेकांना भाजी वाढली होती आणि अवाक्षर काढलं नव्हतं.

“अजून काय काय लपवलंय?” काकूंनी डोळे बारीक केले.

“तू आधी सांग.”

“शनिवारी येतेय. दुपारच्या गाडीने.”

“मला सकाळची म्हणाली होती.”

“बघा! तिचंही काही खरं नाही.” पण बोलताना काकूंनी पदर डोळ्यांना लावला, आणि काकांनी उगाचच भिंग पुसायला घेतलं.

मास्तर दारात येऊन उभे राहिले. “मी मागच्या खोलीत जातो, काकू. ताईंना माडी राहू दे.”

“त्या खोलीच्या खिडकीला कडी नाही.”

“चालेल मला.”

“मला नाही चालणार,” काकू म्हणाल्या. चपला घालून त्या सुताराकडे निघाल्या, खिडकीला कडी बसवायला आजच ये म्हणून सांगायला.