पंचावन्न फेऱ्यांची मोटर

मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी गिरणीतून दळण घेऊन घरी येत होते, तेवढ्यात रुबीनाचा फोन आला. "आंटी, अम्मी गईं..." तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या नजमाआपा, पहाटेच्या नमाजसाठी उठल्या होत्या. नमाज झाली, जरा पाठ टेकते म्हणाल्या, आणि तशाच गेल्या. मी रिक्षा करून शहागंजला त्यांच्या घरी पोचले. बायकांच्या घोळक्यात बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर सारखी येत होती ती दौलताबादच्या रस्त्याला, एका उघड्या माळावर, उन्हात उभी राहून हसणारी नजमाआपा. आजवर इतक्या खुशीत हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमची ओळख वाळूजच्या कंपनीतली. तिथं गाड्यांच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी बनायच्या आणि आम्ही दोघी वाइंडिंगला होतो, म्हणजे मोटारीच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळायच्या कामाला. मी नवी होते, आपा माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या आणि कामात मुरलेल्या. मशीननं बिघडवलेला गाभा हातानं उकलून पुन्हा गुंडाळायचा असला की तो आपांकडंच यायचा. मला आश्चर्य वाटायचं ते याचं, की त्या तोंडानं माझ्याशी कन्नड गावातल्या आपल्या माहेराबद्दल, तिथल्या सोमवारच्या बाजाराबद्दल बोलत असायच्या आणि मनात फेरे मोजत असायच्या. मध्येच मी विचारलं, "आपा, किती झाले?" तर लगेच उत्तर यायचं, "एकतीस. बोल तू, बोल." एकदाही चुकल्या नाहीत.

मग नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयामुळं आलेला कंप आहे, गोळ्या घ्या, जिवाला धोका नाही. कंपनीनं त्यांना पॅकिंगला बसवलं. कुणी काही वावगं बोललं नाही, पगारही तोच राहिला, पण त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आपा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सुनंदा, हे हात आता खोकी चिकटवायला ठेवलेत." पुढं निवृत्त झाल्यावर चार वर्षं त्यांनी घरात सुईत दोरासुद्धा ओवला नाही. मी भेटायला गेले की उजवा हात ओढणीखाली घेऊन बसायच्या. चहा रुबीना आणायची, कारण आपांच्या हातातला कप बशीवर वाजायचा.

त्यांचा मुलगा इमरान शेंद्र्याला नोकरीला आहे. त्याला रिमोटवर चालणाऱ्या ट्रकचा छंद. दुकानातलं पोराटोरांचं खेळणं नव्हे... मोठ्या माणसांचा छंद आहे हा. हातभर लांबीचा ट्रक, खरे स्प्रिंग, खरे गिअर. रविवारी आठ-दहा जण माळावर जमतात आणि आपापले ट्रक खडकांवर चढवतात. एका रविवारी चढावर अडकलेला ट्रक इमराननं नुसता रेटत ठेवला, आणि मोटर जळाली. ट्रक कपाटावर गेला. त्यानंतर मी एकदा गेले तर तो ट्रक खाली पलंगावर, आणि आपा त्याच्या पोटाला नाक लावून वास घेत होत्या. मला म्हणाल्या, "बघ गं, वास घे. ओळखतेस का?" तारेवरच्या जळालेल्या वार्निशचा तो वास... आम्ही दोघीही हसलो. "वाइंडिंग गेलंय. ही मोटर मी बदलणार," त्या म्हणाल्या. रुबीना काळजीनं म्हणाली, "अम्मी, राहू द्या ना. हे पुण्याला पाठवणार आहेत." आपा म्हणाल्या, "नक्को. पुण्याला हात आहेत, इथं नाहीत का?"

नवी मोटर निवडण्यावरून मायलेकांची वादावादी झाली. इमरानला जास्त वेगाची हवी होती. आपांनी ऐकलं नाही. "जितके फेरे जास्त, तितका वेग कमी आणि जोर जास्त. तुला पळायचंय का चढायचंय?" जुनी मोटर पस्तीस फेऱ्यांची होती, त्यांनी पंचावन्नची मागवली. ती कुरिअरनं आली तेव्हा मी मुद्दाम दोन दिवस सुट्टी काढून गेले.

पहिला दिवस वाईट गेला. जुन्या मोटरच्या दांड्यावर एक इवलंसं दातेरी चाक असतं, ते काढून नव्या मोटरला बसवायचं. ते धरून ठेवणारा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. इमराननं चुकीच्या पान्यानं त्याच्या डोक्यातली खाच आधीच गोल करून ठेवलेली. आपांनी पाना लावला की हात थरथरायचा आणि पाना सुटायचा. दहा वेळा, वीस वेळा. शेवटी त्यांनी पाना भिंतीवर फेकला आणि तोंड फिरवून बसल्या. "झालं माझं, सुनंदा. कंपनीतल्या साहेबांचं बरोबर होतं." स्वयंपाकघरातून रुबीना आली. तिनं एका फडक्यात ज्वारी बांधून लहानशी उशी केली होती. ती तिनं सासूच्या मनगटाखाली सरकवली, आणि दुसरी, जरा जड, मनगटावर ठेवली. वजनाखाली हात... थांबला नाही, पण निम्म्यानं शांत झाला. आपांनी हाताकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. "पाना उचलून दे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की असले स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून गोंद लावतात, आणि तापला की तो गोंद सुटतो. तारा जोडायला डाग देतात त्या सोल्डरिंगच्या इस्त्रीचं गरम टोक त्यांनी स्क्रूवर टेकवून धरलं, जरा मोठा पाना त्या खाचेत ठोकून बसवला आणि फिरवला. कट्ट असा आवाज झाला. तसा गोड आवाज मी क्वचितच ऐकला असेल. मग चाक नव्या दांड्यावर चढवलं, मोटर जागेवर बसवली, हे चाक आणि गिअरचं चाक यांच्या दातांमध्ये कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळले आणि पट्टी ओढून काढली. तेवढीच फट हवी, त्याहून कमी नको, जास्त नको. मग दोन तारांना डाग दिले. प्रत्येक डागाच्या आधी त्या श्वास सोडून थांबायच्या. संध्याकाळी इमरान आला, त्यानं रिमोट दाबला, आणि ट्रक जोरात... मागं गेला! तारा उलट्या लागल्या होत्या. आम्हाला वाटलं आपा चिडतील, पण त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अरे, चालला तर! उलटं तर उलटं!" तारा बदलायला दहा मिनिटं लागली.

रविवारी आम्ही चौघं माळावर गेलो. तिथं तिरका काळा खडक होता आणि त्याच्या मध्यावर वीतभर उंचीची पायरी. तीन ट्रक तिथं उलटले होते. गटातले एक इंजिनिअर अदबीनं म्हणाले, "काकू, ही मोटर फार हळू चालेल." आपा म्हणाल्या, "हळू चालायलाच आणलीय." इमराननं रिमोट घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही. पण बोट थरथरलं की ट्रक हिसके खायचा. मग त्यांनी मला समोरच्या दगडावर बसवलं आणि माझ्या खांद्यावर कोपर टेकून रिमोट धरला. त्यांचा कंप मला खांद्यात कळत होता. ट्रक निघाला... मुंगीच्या चालीनं. पायरीपाशी पुढची चाकं वर आली, थांबली, मागं घसरली. कुणीतरी "दाबा, दाबा!" म्हणून ओरडलं. आपांनी दाबलं नाही. श्वास सोडला, बोट तसूभर ओढलं. एक चाक कडेला लागलं, मग दुसरं, मग सगळा ट्रक अंग आवरत पायरी चढला आणि खडकाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला. आपांचा उजवा हात, रिमोटसकट, सगळ्यांसमोर उंच वर गेला. तसाच थरथरत. "खोकी चिकटवतात म्हणे!" त्या ओरडल्या. इमरान टाळ्या वाजवता वाजवता रडत होता. इंजिनिअर पुढं आले आणि म्हणाले, "काकू, माझी पण बदलून द्याल का?"

त्यानंतरची अडीच वर्षं त्यांचा उजवा हात कधी ओढणीखाली गेला नाही. गटातल्या बहुतेक ट्रकांच्या मोटारी त्यांनी बदलल्या. मग गल्लीतल्या बायका बिघडलेले मिक्सर, पंखे घेऊन यायला लागल्या. आपा सांगायच्या, रुबीना शेजारी बसून करायची. सुरुवातीला नुसते स्क्रू धरायची, मग डाग द्यायला लागली. "हिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे," आपा मला तिच्यादेखत सांगायच्या.

परवा आपांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी पुन्हा गेले. मागच्या खोलीत टेबलावर कुणाचा तरी मिक्सर उघडा पडला होता आणि रुबीना त्यावर वाकलेली. मान वर न करता म्हणाली, "आंटी, बसा ना. पाच मिनिटं." बसायला जागा नव्हती. दोन्ही खुर्च्यांवर शेजारच्या बायका मांडीवर आपापले मिक्सर घेऊन नंबर लावून बसल्या होत्या.