आत्या सोडलेलं घर पाहायची

सिंधूआत्या गेल्याचा फोन तिच्या मुलाचा आला नाही, तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शाहीनचा आला. मी अकोल्यात, नुकतंच चहाचं आधण ठेवलेलं. “ताई, आत्या उठून नाई राहिल्या,” एवढंच ती बोलली. मी गॅस बंद केला आणि बसस्टँड गाठलं. अमरावतीला पोहोचले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. त्यातल्या बऱ्याचशा चपला आत्याने कधी ना कधी घर मिळवून दिलेल्या माणसांच्या होत्या. तिचा मुलगा विनय नागपूरहून यायचा होता. तोवर पाणी, सतरंज्या, नातेवाइकांना फोन, सगळं शाहीन आणि तिचा नवरा रफिक पाहत होते.

आत्या नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने परदेशी गेलेल्या एका मैत्रिणीचं घर सांभाळायला घेतलं आणि ते काम वाढतच गेलं. पुण्याला, मुंबईला, कुठे कुठे जाऊन राहिलेल्यांच्या इथल्या घरांच्या किल्ल्या तिच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेल्या असायच्या. त्या घरांना भाडेकरू शोधायचा तो आत्यानेच. हे काम सून शोधण्यापेक्षा जोखमीचं आहे, सून चुकली तरी घर आपल्याच ताब्यात राहतं, असं ती सुनेसमोरच म्हणायची. सूनही हसायची, कारण आत्याच्या बोलण्याचा राग धरत बसलं तर जगणंच कठीण.

भाडेकरार, पोलिसांकडची नोंद, ओळखपत्रं, सगळं ती चोख करून घ्यायची. पण तिचा खरा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर. घर मागायला आलेला माणूस सध्या जिथे राहतो, ते घर ती न कळवता पाहून यायची. ओट्यामागची भिंत बघायची, मोरीत डोकावायची, शेजारणीकडे प्यायला पाणी मागायची आणि ते पिताना फार वेळ लावायची. मी एकदा सुचवलं की एवढी पायपीट कशाला, त्यांच्या घरमालकाला फोन करून विचार की. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं शिक्षण वाया गेलं होतं. “आत्ताच्या मालकाले काय विचारतं? त्याले तो भाडेकरू काढाचा असते, तो तर गुणच गाईन. त्याच्या अगोदरच्या मालकाले विचार. त्याचं काईच अडून नाई राहत.”

शाहीनची निवडही अशीच झाली. ती वरूडला शिक्षिका होती, बदली अमरावतीला झाली. रफिक कूलर बनवायचा, इथेही दुकान टाकणार होता. शाळा उघडायला आलेली आणि दोघांना घर मिळत नव्हतं. आत्याकडे पुण्याच्या एका जोडप्याचं घर रिकामं होतं. आत्या मला सोबत घेऊन एसटीने वरूडला गेली. शाहीनच्या तिथल्या मालकाचा संत्र्यांचा व्यापार. त्याने इतकं कौतुक केलं की आत्याला शंकाच आली. मग आम्ही त्याआधीच्या मालकिणीला शोधून काढलं. म्हातारी दारातच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “जायाच्या दिवशी मोरी घासून राहिली होती पोरगी. मी म्हटलं, आता चालली ना वं तू, कावून घासतं? तं म्हणे, तुमाले लागन ना मोरी.” परतीच्या बसमध्ये आत्याने खिडकीशी बसून मजेत संत्री सोलली. तिचं ठरलं होतं.

पुण्याच्या मालकांनी फोनवर भाडेकरूचं नाव ऐकलं. मग म्हणाले, आमचं काही नाही हो, पण मुसलमान भाडेकरू म्हटल्यावर आजूबाजूचे लोक... आत्या म्हणाली, लोकांचं राहू द्या, तुमचं सांगा. त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. आत्याने दुसऱ्याच दिवशी त्यांची किल्ली कुरिअरने परत पाठवली आणि विनयसाठी राखून ठेवलेला स्वतःचा वरचा मजला शाहीनला उघडून दिला. ओळखीतल्या काहींनी कुजबुज केली. बाकीच्या मालकांनीही किल्ल्या परत मागितल्या तर, असं मी भीत भीत विचारलं. “गेल्या तं गेल्या,” ती म्हणाली. “मोरी घासणारी पोरगी मी सोडत नाई.” किल्ली गेली ती तेवढी एकच. ती पुन्हा आली नाही आणि आत्याने चौकशीही केली नाही.

तेरवी झाल्यावर विनयने एका एजंटला घर दाखवलं. वरचा मजलाही रिकामा करून घ्या, अख्खं घर एकाच चांगल्या पार्टीला देता येईल, असं एजंट जिन्यात उभा राहून मोठ्याने सांगत होता. वर सगळं ऐकू जात होतं. मला वाईट वाटलं, पण घर विनयचं होतं. संध्याकाळी तो शाहीनला तसं सांगायला वर गेला, मीही मागोमाग गेले. शाहीन स्टुलावर उभी होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या होत्या आणि ती खिळ्यांची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवत होती. तिला अजून कुणी जा म्हटलेलंही नव्हतं. विनय दारातच थांबला. खरं सांगायचं तर मला रडू आवरेना. मग तो खाली गेला, आत्याच्या खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि शाहीनच्या हातात देऊन म्हणाला, “हे तुम्हीच सांभाळा आता. खालच्या मजल्यासाठीही माणसं तुम्हीच पाहा.”

आता जुडगा शाहीनच्या स्वयंपाकघरात असतो. परवा मी तिला फोन केला. खालचा मजला बघायला बडनेऱ्याचं एक कुटुंब येऊन गेलं होतं आणि ती त्यांचं राहतं घर पाहून आली होती. कशी आहेत माणसं, मी विचारलं.

“मालक त्यांची लय तारीफ करून राहिला, ताई,” ती म्हणाली. “म्हणून उद्या अगोदरच्या मालकाकडे जाऊन राहिली.”