समोरची खुर्ची

आई गेल्यावर मी धाकट्या बहिणीशी बोलणं टाकलं. पाठोपाठ झोपही उडाली, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीने मला या डॉक्टरबाईंकडे धाडलं. भाईंदर पूर्वेला, तळमजल्यावर त्यांचं मनोविश्लेषणाचं क्लिनिक होतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि पद्धत जुनी. मी दिवाणावर आडवं व्हायचं, बाई उशामागे बसणार, मनात येईल ते मी बोलायचं. बाई बहुतेक गप्पच. चार वर्षं मी पंख्याशी बोलले. उशीवर अंथरायला प्रत्येक पेशंटचा वेगळा नॅपकिन असे. दुसऱ्यांचे नॅपकिन दोरीवर वाळताना दिसले की माझ्या पोटात दुखायचं.

मग माझ्या आधीच्या वेळेला जवळच्या इंद्रलोक वसाहतीतली एक कॉलेजची पोरगी यायला लागली. दाराआडून दोघींचं हसणं ऐकू यायचं. बाई हसतात? मला चार वर्षांत एक 'हं' मिळाला होता, तोही बहुधा खोकला असावा. एकदा दार उघडलं तर आत दोन खुर्च्या समोरासमोर.

"आंटी, जाओ ना, आपका टाइम हो गया," पोरगी म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन आठवडे मी आत शिरताना दारातच नुसतं उशी टोचते, पाठ दुखते म्हणत राहिले. शेवटी म्हटलं, ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं? सरळ खुर्ची मागितली.

"बसा की," बाई म्हणाल्या. "आम्हाला शिकवलं होतं, डॉक्टरने पेशंटला दिसूच नये. आता वाटतं, काहींना समोर बसून सोपं जातं. आणि पूर्वी मी फक्त तुमच्या लहानपणाचं ऐकायचे. आता विचारते, माझा राग आलाय का तुम्हाला?"

त्यांचा चेहरा इतका जवळून मी प्रथमच पाहत होते. दमलेला होता. माझी तयारी जय्यत होती: ती पोरगी, ते हसणं, ते नॅपकिन.

"छे हो, राग कसला?" मी म्हणाले आणि वर हसलेसुद्धा. धाकटीला मांडीवर घेऊन आई हेच विचारायची, तेव्हाही मी असंच हसायचे.

दिवाणावर मी एकदाही खोटं बोलले नव्हते.

"मी आडवी होऊ का?"

बाईंनी काही न विचारता घडी घातलेला माझा नॅपकिन पुन्हा उशीवर अंथरला आणि मागे जाऊन बसल्या.

"तुम्ही तिच्याबरोबर हसता," मी पंख्याला सांगितलं. "मी जळते हो. फार जळते."

"कधीपासून?"

"धाकटी झाली तेव्हापासून," मी म्हणाले.